थोरल्या भावाची चूक दाखवायची, पण त्याला खलनायक करायचं नाही: हे जमवायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला तपासता येईल.

तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदाराचं घर. १९९९ मध्ये आई-वडील वर्षाच्या आत पाठोपाठ गेले, तेव्हा थोरला १७ वर्षांचा, धाकटा १० आणि बहीण ६. थोरल्यानं कॉलेज सोडलं, बाग सांभाळली, दोघांना वाढवलं, बहिणीचं लग्न थाटात लावून दिलं. पुढे त्याच भावानं तिला फसवून कागदावर सही घेतली आणि चार एकरांतला तिचा वाटा काढून टाकला. ज्यांनी ज्यांनी तुमचं दोन पानी टिपण वाचलं ते म्हणाले, 'हा चांगला की वाईट, ते आधी ठरव.' तुम्हाला ते ठरवायचं नाही. रोजच्या मालिकेत असा माणूस चालेल का, आणि चालवायचा तर कसा, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक छोटी शंकाही आहे, बहिणीनं त्याला 'दादा' म्हणावं की 'अण्णा'. तिच्याकडे शेवटीच येते.

मी सांगलीत राहते आणि गेली १८ वर्षं रोजच्या मालिकांची पटकथा आणि संवाद लिहिते. त्याआधी बरीच वर्षं हौशी नाटकं केली. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते याच कामातून आलेलं आहे. वेबसिरीजवाला लेखक कदाचित दुसरं सांगेल आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल.

वाचणारे 'ठरव' म्हणतात, त्याचं कारण मला तुमच्या टिपणातच दिसलं. पहिल्या दीड पानात त्याचा त्याग आहे आणि शेवटच्या अर्ध्या पानात फसवणूक. दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी एकापुढे एक ठेवल्यासारख्या वाटतात. मधला सांधा सापडत नाही, म्हणून वाचणारा गोंधळतो आणि त्यातला एक माणूस निवडा असं तुम्हाला सांगतो. थोडा चांगुलपणा आणि थोडा वाईटपणा एका भांड्यात ढवळला की गुंतागुंतीचं पात्र तयार होतं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. त्यातून फक्त मूड बदलणारा माणूस तयार होतो. सोमवारी प्रेमळ, गुरुवारी कपटी.

माझ्या अनुभवात पात्र तेव्हा उभं राहतं जेव्हा त्याचं चांगलं आणि वाईट एकाच सवयीतून येतं. तुमच्या थोरल्याची ती सवय तुमच्याच टिपणात लपलेली आहे. आई गेल्यावर महिनाभरात त्यानं तिच्या पाटल्या मोडल्या आणि त्या पैशांत बागेची औषधं आणली, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. ती ओळ म्हणजे तुमची मालिका आहे. १७ वर्षांचा मुलगा, विचारायला घरात कोणी मोठं नाही. त्यानं कोणाला न विचारता ठरवलं आणि बाग वाचली. त्या वर्षी माल चांगला लागला म्हणून धाकट्यांच्या ताटात भाकरी आली. त्या दिवशी तो एक गोष्ट शिकला: या घरात ठरवायचं मी, आणि विचारत बसलं तर बाग जाते. पुढे बहिणीची शाळा त्यानंच ठरवली, धाकट्याचं इंजिनिअरिंग त्यानंच ठरवलं, बहिणीचा नवराही त्यानंच पाहिला. आपल्याकडे अशा माणसाला 'कर्ता' म्हणतात आणि तो शब्द आदरानंच उच्चारतात. मग एक दिवस त्यानं तिचा वाटाही तसाच ठरवून टाकला. त्याच्या मनात त्यानं काही नवीन केलेलंच नाही. इतकी वर्षं ज्या हातानं घर चालवलं, त्याच हातानं हेही केलं.

असं लिहिलंत की प्रेक्षकाला कोणतीही बाजू निवडावी लागत नाही. ज्या स्वभावामुळे त्याच्यावर जीव जडला, त्याच स्वभावाची आता भीती वाटायला लागते. या दोन्ही भावना एकाच वेळी पोटात असणं प्रत्येकाला माहीत आहे, कारण प्रत्येकाच्या घरात असा एक माणूस असतो.

आता फसवणुकीकडे येते, कारण तिथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. तुम्ही लिहिलंय की तो दिवाळीत घरीच कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तिची सही घेतो. असं केल्यानं प्रसंग सोपा होतो आणि माणूस चोर होतो. शिवाय ते खरंही वाटत नाही. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी व्हावी लागते. तिथे बहिणीला स्वतः जावं लागतं, फोटो निघतो, अंगठा घेतात, दोन साक्षीदार लागतात. मग फेरफार होतो आणि तिचं नाव सातबाऱ्यावरून जातं. म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं असं म्हणायला जागा फार थोडी राहते. आणि हेच तुमच्या कामाचं आहे. ती गेली. स्वतःच्या पायानं गेली. तो तिला घ्यायला एसटी स्टँडवर आला होता, वाटेत भेळेच्या गाडीवर थांबला होता, लहानपणीसारखं तिच्यासाठी तिखट कमी घालायला सांगितलं होतं. 'वारसाच्या नोंदी सरळ करायच्यात, बँकेचं कर्ज एका नावावर सोपं पडतं,' एवढंच तो म्हणाला, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पुढचं तो बोलला नाही आणि तिनं विचारलं नाही. का विचारलं नाही? कारण विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं, हे तिला आतून ठाऊक होतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी अशा सह्या केल्यात. कोणी बंदूक लावलेली नसते. साडी मिळते, ताट मिळतं, आणि दिवाळीला येण्याचं निमंत्रण शाबूत राहतं.

मी स्वतः हा प्रसंग लिहिला तर कार्यालयात त्याला एकदाच डळमळू देईन. कारकून बहिणीला विचारतो, 'ताई, कागद वाचलात ना?' ती भावाकडे बघते. तो खिडकीबाहेर बघतो. बस. त्याला रडवू नका, पार्श्वसंगीतही नको.

त्यानं हे आत्ताच का केलं, याचं उत्तर तुमच्याकडे नाहीये. माझी एक सूचना आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आपल्याकडे १९९४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं आला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर लागू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तुमच्या भावाला यातले बारकावे कळायची गरज नाही. त्यानं कोणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकलं की 'आता बहिणी कोर्टात जाणार.' त्याच वर्षी बागेवर दावण्या रोग पडला, छाटणीनंतर पाऊस थांबेना, सोसायटीचं कर्ज थकलं. ज्यांनी बाग केलीय त्यांना माहीत आहे, रात्री पावसाचा आवाज आला की बागायतदार अंथरुणात पडून राहू शकत नाही, पहाटे फवारणीला ट्रॅक्टर काढावाच लागतो. अशा पहाटे, थकलेल्या डोक्यानं, त्याला वाटलं की चार एकरांचे तीन तुकडे झाले तर बागच राहणार नाही. हे कारण खरं आहे. पण हे कारण त्याला सोडवत नाही. ते दोन्ही एकाच प्रसंगात दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी बहिणीच्या घरचं स्वयंपाकघर त्याच पहाटे दाखवा. तिच्याही नवऱ्याच्या कामाचं काही खरं नाही, तीही झोपलेली नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. दोष त्याच्या बायकोवर ढकलू नका. वाहिनीकडून ही सूचना हमखास येईल: 'वहिनीनं कान भरले असं करू या, म्हणजे दादा पॉझिटिव्ह राहील.' ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. अटकेपर्यंतच्या मोहिमेचं नेतृत्व केलेला, कर्तबगार आणि सत्तेपासून दूर ठेवलेला राघोबादादा त्यात गुंतला, रामशास्त्र्यांनी त्याला दोषी धरलं. इतका मोठा, इतका गुंतागुंतीचा माणूस. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? 'ध'चा 'मा' आनंदीबाईनं केला. भाषेतच म्हण होऊन बसली. पुरुषाची चूक बाईच्या पदराला बांधली की पुरुषही पोकळ होतो आणि बाईही खोटी होते. तुमच्या वहिनीला विरोध करू द्या, किंवा तिला माहीतच नसू द्या, किंवा माहीत असून तिनं कपाट आवरत राहावं. तिसरं मला सगळ्यात खरं वाटतं.

बहिणीलाही देवी करू नका. तुमच्या टिपणात ती फक्त सोसते. जिच्यावर अन्याय झाला ती जितकी निर्मळ, तितका अन्याय करणारा काळा, हा हिशेब पडद्यावर आपोआप होतो. तिनं लग्नात हट्टानं मागितलेला दागिना असू द्या, ज्याचं कर्ज भाऊ सहा वर्षं फेडत होता. बाग गारपिटीत गेली त्या वर्षी ती आली नव्हती, सासरी कार्य होतं म्हणून. तो हे कधी बोलला नाही आणि विसरलाही नाही. त्यामुळे तिचा हक्क तसूभर कमी होत नाही. हक्क चांगल्या वागण्याचं बक्षीस नसतं, हे प्रेक्षकाला तिच्या चुकांमधूनच कळेल.

आणि तो धाकटा! तुम्ही त्याला पुण्याला नोकरीला पाठवून विसरून गेलात. मला तोच सगळ्यात अस्वस्थ करतो. त्यानं काही केलं नाही. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला. त्याला कळलं होतं. पण बोललो तर उद्या बाग बघायला मला यावं लागेल, हेही त्याला कळलं होतं. थोरल्यावर प्रेक्षक चिडतील, बहिणीसाठी रडतील, आणि धाकट्यात स्वतःला बघून गप्प बसतील. त्याला दर आठवड्यात निदान एक प्रसंग द्या.

आता रोजच्या मालिकेचं गणित. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. अर्ध्या तासाच्या वेळेत आपल्याला २१-२२ मिनिटं मिळतात, आठवड्याला सहा भाग, आणि दर गुरुवारी रेटिंग येतं. कोणी तिसऱ्या महिन्यात बघायला लागतं, कोणी स्वयंपाक करता करता अर्धंच बघतं. अशा प्रेक्षकासाठी सूक्ष्म गोष्ट एकदाच सांगून भागत नाही. पण तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा सांगितली तर रोज बघणारा कंटाळतो. मर्यादित भागांची मालिका असेल तर पहिल्याच भागात ते कार्यालय दाखवा आणि मग मागे जा. रोजची असेल तर मी आधी सहा-सात आठवडे त्याच्यावर जीव जडू देईन. मात्र त्या आठवड्यांत तो न विचारता ठरवतोय हे प्रत्येक चांगल्या प्रसंगात असलं पाहिजे, म्हणजे पुढे फसवणूक आली की 'अचानक कसा बदलला' असं कोणी म्हणणार नाही. नट कोण मिळतो यावरही फार ठरतं. काही चेहऱ्यांवर प्रेक्षक इतक्या लवकर माया करतो की तुम्हाला त्याची चूक वाढवून लिहावी लागते. ते पहिले वीस भाग प्रसारित झाल्याशिवाय कळत नाही.

जी गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवायची तिच्यासाठी एक वस्तू धरा. हे मला एका प्रेक्षकबाईनं शिकवलं. मी लिहीत असलेल्या मालिकेत एक काकू होती. तिनं पुतणीच्या आईच्या बांगड्या लपवल्या होत्या, आणि त्याच काकूनं त्या पुतणीला आजारपणातून ओढून काढलं होतं. तिचा ट्रॅक, म्हणजे तिचं उपकथानक, चांगला चालला होता. मग वाहिनीकडून निरोप आला की काकूबद्दल लोक वाईट बोलतायत, तिला या आठवड्यात अपघात होऊ दे, दवाखान्यात ती माफी मागेल, पुतणी मिठी मारेल. मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही, आणि भाग लिहून दिला. त्या आठवड्यात रेटिंग वाढलं. पण त्यानंतर काकूला करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि तीन महिन्यांत ते पात्र चहाचे कप आणण्यापुरतं राहिलं. त्याच सुमारास हरभट रोडवर एका दुकानात एका बाईंना कळलं की ही मालिका मी लिहिते. त्यांनी माफीबद्दल काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, 'अहो, पण बांगड्या परत दिल्या का तिनं?' मला उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही सगळे बांगड्या विसरलो होतो. त्या बाई विसरल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी कोणतंही पात्र लिहायला घेताना वहीच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहिते: याच्या चुकीची किंमत कोण मोजतंय, आणि ती किंमत कोणत्या वस्तूत दिसते? तुमच्या मालिकेत ती वस्तू तयारच आहे. आईच्या मोडलेल्या पाटल्या. बाग वाचली, पैसा आला, तरी त्यानं तशा पाटल्या बहिणीसाठी पुन्हा केल्या नाहीत. किंवा केल्या, आणि नेमक्या सहीच्या दिवशी तिच्या हातात घातल्या. दुसरं निवडलंत तर बहीण त्या पाटल्या घालते की कपाटात ठेवते, एवढ्यावर तुमचे कितीतरी भाग उभे राहतील. उशिरा बघायला लागलेल्या प्रेक्षकालाही पाटल्या दिसल्या की काहीतरी अडकलंय हे कळतं.

माफीचंही यातूनच ठरतं. अपघात, आजार, लहानपणीची मारझोड दाखवून त्याला सोडवू नका. तुमच्या टिपणात दारू पिऊन मारणाऱ्या वडिलांचा एक प्रसंग आहे, तो मी काढून टाकीन. त्यामुळे प्रेक्षक त्याची कीव करायला लागतो आणि त्याच्याकडून हिशेब मागायचं विसरतो. तो खरंच वळणार असेल तर त्याला असं काहीतरी करायला लावा ज्यात त्याचं नुकसान आहे आणि कोणाला कळणार नाही. उदाहरणार्थ बेदाण्याचा सौदा झाल्यावर तो तिच्या नावानं बँकेत रक्कम टाकतो. पण तिथेही त्यानं तिला विचारलेलं नाही! पुन्हा तीच सवय. तो वाटा मानतोय, पण मालकी मान्य करत नाहीये. बहीण ते पैसे परत पाठवते आणि सांगते की मला सातबाऱ्यावर नाव हवंय. या एका देण्याघेण्यात तुम्हाला पुढचा अख्खा महिना सापडेल, आणि त्यात कोणी ओरडायची गरज नाही.

'चांगला की वाईट ठरव' असं वाहिनीच्या बैठकीतही तुम्हाला ऐकवतील. तिथे राखाडी छटा वगैरे बोलू नका, त्या शब्दानं माणसं घाबरतात. सरळ सांगा की हा माणूस घरासाठी सगळं करतो आणि कोणालाच विचारत नाही. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना आपला बाप किंवा भाऊ आठवेल आणि बैठक तुमच्या बाजूनं वळायला मदत होईल.

आता 'दादा' की 'अण्णा'. आपल्या भागात दोन्ही चालतं, पण इथे 'दादा' ठेवा. 'अण्णा' गावही म्हणेल, 'दादा' फक्त ती दोघं म्हणतील. आणि भांडण झाल्यावर तिच्या तोंडी दुसरं काही घालू नका. नावानं हाक मारणं, 'तुम्ही' म्हणणं, असलं काही ती करणार नाही. ती फक्त हाक मारायचं थांबवेल. पुढच्या भाऊबीजेला ती येईल, पाट मांडेल, तबक लावेल, आणि तो समोर बसलेला असताना आपल्या पोराला सांगेल, 'मामाला म्हणावं, टोपी घाला, ओवाळायचंय.'